कोंबड्यांची बादली

१० मार्च

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलण्याऐवजी लिहून काढत जा, बीपी उतरेल. म्हणजे लिहून द्यायचं काम त्यांचं, तेही आता माझ्याच गळ्यात. अमोलला पतपेढीतून मिळालेली डायरी कपाटात पडून होती, ती घेतली. आजचा राग कोणावर, ते आधी लिहिते. सासूबाईंवर.

सासूबाई दिवाळीला येवल्याहून चार दिवसांसाठी आल्या. तिकडे थोरले दीर केरूदादा शेती बघतात, त्या त्यांच्याकडे असायच्या. आता होळी आली तरी त्यांचे चार दिवस काही संपत नाहीत. राहण्याबद्दल मी बोलत नाही. मुलाचं घर आहे, राहू देत. पण कोंबड्या माझ्या आहेत.

गेल्या वर्षी दिंडोरीहून माझ्या भावानं खोक्यात घालून गावरान पिल्लं आणून दिली. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं रो हाऊस, मागे चार पावलांची मोकळी जागा, तिथे अमोलनं जाळी मारून दिली. आता दहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. लग्नाला तेवीस वर्षं झाली. या घरात माझं म्हणून बोट दाखवावं अशी ही पहिली गोष्ट. भांडी सासूबाईंच्या पसंतीची, रंग अमोलच्या पसंतीचा, कोंबड्या मात्र माझ्या.

कोंबडी काहीही खाते असं सगळ्यांना वाटतं. खाते, पण पचत नाही. पालकाचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, दुधीचं साल, कलिंगडाचं साल, उरलेला भात, चुरलेली भाकरी, हे सगळं द्यावं. चहाचा चोथा, लोणचं, खारट काही, बुरशी आलेलं, कच्चा राजमा, हिरवं पडलेलं बटाट्याचं साल, हे द्यायचं नाही. कांदाही ढीगभर नाही. हे मी माहेरीच शिकले, आणि सासूबाईंनाही सगळं ठाऊक आहे. त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या.

तरीही घोळ नको म्हणून द्वारकेवरून सारख्या मापाच्या दोन बादल्या आणल्या. हिरवी कोंबड्यांची, लाल घंटागाडीची. अंगणवाडीतल्या पोरालाही कळेल. आज बघते तर लोणच्याच्या फोडी, चहाचा चोथा आणि कांद्याची टरफलं हिरवीत, आणि कलिंगडाची छान सालं लालमध्ये. विचारलं तर मलाच उलट, "बादल्या कोणी हलवल्या?" मी धुवायला नेल्या होत्या, ठेवताना इकडची तिकडे झाली असेल. म्हणून काय झालं? रंग तर उडाला नव्हता ना!

लिहून झालं. बीपी काही उतरल्यासारखं वाटत नाही.

१४ मार्च

काल होळी. पुरण मी घातलं, आमटी सासूबाई म्हणाल्या मी करते. शेजारच्या सुमेधाताई आणि त्यांचे यजमान ढुंढिराजभाऊ जेवायला होते. आमटीचा पहिला घास घेतला आणि ढुंढिराजभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ दोनदा पडलं होतं. दोनदा काय, तीनदा. बिचाऱ्यांनी दूध मागून घेतलं.

आणि अमोल! वाटीभर आमटी मुकाट्यानं प्यायला आणि म्हणाला, "छान झालीय आई." माझ्या हातून पोळी जरा करपली तर हाच माणूस ताटाकडे बघत बसतो.

आज त्यानं मागच्या बोळात भला मोठा बल्ब लावला. दोन वर्षं मी सांगतेय, तिथे अंधार असतो, मी कोंबड्या कोंडायला जाते तेव्हा पाय मुरगळतो. तेव्हा वेळ नव्हता. आईनं एकदा म्हटलं असेल, लगेच शिडी घेऊन चढला. वर मला म्हणतो, "बोळात काही ठेवत जाऊ नकोस, आई जाते-येते." माझी खुराड्याची फळी, खाद्याचा डबा, सगळं उचलून छपरावर टाकलं. मी म्हटलं, मलाही टाका छपरावर, आईंना मोकळं होईल. हसला. याला हसू येतं.

२२ मार्च

सुमेधाताईंबद्दल लिहायला हवं, कारण आजचा राग त्यांच्यापासून सुरू झाला. त्यांचं घर सोवळ्याओवळ्याचं. ढुंढिराजभाऊ पंचवटीत लोकांकडे पूजा सांगतात. पण डॉक्टरांनी सुमेधाताईंना अंडी खायला सांगितलीत, आणि नवऱ्याला ते सांगायची छाती नाही. त्या सकाळी फुलांची परडी घेऊन माझ्याकडे येतात, जाताना जास्वंदीखाली चार अंडी असतात. बदल्यात घरातलं भाजीचं साल, उरलेली पोळी, ब्रेड आणून देतात. मला फार गंमत वाटते. गल्लीत आणखी तिघीजणी आता अंडी नेतात. माझा भाऊ म्हणतो, पावसाळ्यानंतर वीस-पंचवीस पक्षी कर, मी खुराडं बांधून देतो. मी जागा मोजूनही ठेवलीय.

तर ताईंनी काल ब्रेडचा पुडा दिला. मी सासूबाईंना म्हटलं, बुरशी असेल तर टाकून द्या, नसेल तर चुरून घाला. मी बाजारातून आले तर काळी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसलेली, विष्ठा पाण्यासारखी. खाली पडलेला तुकडा उचलला. अंगठ्याएवढा हिरवा डाग!

"आई, हे काय घातलंत?"

"ब्रेड घातला. तूच म्हनली ना."

"बुरशी आलेला?"

"हाताला तर कोरडा लागला बाई. वासबी नव्हता."

"हाताला! मग देवानं डोळे कशाला दिलेत?"

त्या खुराड्याच्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. हे त्यांचं नेहमीचं. चूक झाली की असं उभं राहायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं सून छळते. अमोल आला तेव्हा त्याला तेच दिसलं. मला म्हणाला, "जरा हळू बोल, गल्लीत ऐकू जातं." जाऊ दे. गल्लीला काय, माझा आवाज द्वारकेच्या पुलावरही ऐकू जातो असं तोच म्हणतो.

काळी वाचली. गुळाचं पाणी पाजून बसले होते तिला मांडीवर घेऊन.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. सासूबाईंचं डोकं दुखतंय. उजव्या बाजूनं ठणकतं म्हणे. कपाळाला फडकं बांधून पडल्यात. सणावाराला दुखतं बरोबर, कामाच्या वेळी. मी एकटीनं सगळं केलं. अमोल त्यांच्या उशाशी बसून बाम चोळत होता, मग मोबाइलवरचं काहीबाही वाचून दाखवत बसला. मला तेवीस वर्षांत एक ओळ वाचून दाखवली नाही.

टीव्ही लावून दिला तर त्या टीव्हीकडे तोंड करून बसतात, पण कोण आलं, कोण गेलं मलाच विचारतात. मी म्हटलं, समोरच तर चाललंय. तर म्हणे, "तू सांगितलं की बरं वाटतं." मला काय कामधंदा नाही?

८ एप्रिल

कंबर मोडली पण खूश आहे. आज गल्लीतल्या आम्ही बायकांनी सुमेधाताईंच्या गच्चीवर बटाट्याचे वेफर्स घातले. पहाटेपासून किसणीवर हात. साड्यांवर साड्या अंथरल्या, सगळी गच्ची पांढरी झाली. सालांची मोठी पाटी भरली, सगळ्यांनी मलाच दिली, कोंबड्यांना ने म्हणाल्या. मी आधीच बघितलं होतं, बटाट्यात बरेच हिरवे पडलेले आणि कोंब आलेले होते. खाली येऊन पाटी सासूबाईंपुढे ठेवली. सांगितलं, हिरवी सालं आणि कोंब एकूण एक बाजूला काढा, बाकीची उकडायला ठेवा, गार झाली की घाला.

"हिरवी म्हंजी…" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू बघून घेशील का एकदा, मी निवडल्यावर?"

"सगळं मीच बघायचं का आई? वर वेफर्स वाळतायत, कावळे बसतायत. बसल्या बसल्या एवढं तर करा."

"बरं. करते," म्हणाल्या.

गच्चीवरून संध्याकाळी उतरले तर सालं घालून झाली होती, पाटी धुऊन पालथी घातलेली. मला बरंच वाटलं. लिहायला हवं म्हणून लिहिते, आज त्यांच्यावर राग नाही.

९ एप्रिल

काळी मेली. तांबडी मेली. दोन कोंबड्या उठत नाहीत, मान टाकून बसल्यात.

अमोल कामावर. मी मेलेली तांबडी पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरनं पोट फाडून दाखवलं. पोट बटाट्याच्या सालांनी गच्च, आणि त्यातली निम्मी हिरवीगार, उकडल्यावरही दिसत होती. "उकडून त्यातलं विष जात नाही ताई," म्हणाले. मला माहीत आहे. मलाच सांगतात.

घरी येऊन लाल बादली उपडी केली. बाजूला काय काढलं होतं ते बघायचं होतं मला. कोंब काढले होते, एकूण एक, अगदी तांदळाएवढे सुद्धा. हिरवं साल एकही नाही! म्हणजे बघा. इतक्या निगुतीनं कोंब निवडणाऱ्या बाईला हिरवं साल कळत नाही? कळत होतं. सगळं कळत होतं. मुद्दाम नाही तर काय म्हणायचं याला?

तिसरीही गेली आत्ता.

११ एप्रिल

काल बोलले. सगळं बोलले. तळपायाची आग मस्तकात गेली होती, लिहून काय उतरणार? आमटीचं बोलले, ब्रेडचं बोलले, बादल्यांचं बोलले. म्हटलं, तुम्हाला माझं काही उभं राहिलेलं बघवत नाही. शिलाईचा क्लास काढणार होते तेव्हा तुम्हीच म्हणालात घर कोण बघणार. आता कोंबड्या केल्या तर त्यांच्या मुळावर उठलात.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या, माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी. एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं. मी हात नव्हता लावायला पायजे."

अमोल तोंडात मिठाची गुळणी धरून दारात उभा. मी म्हटलं, यांना येवल्याला पाठवा. मला वाटलं आता भांडेल, ओरडेल, निदान दोन दिवस अबोला धरेल. तर म्हणाला, "ठीक आहे. दादाशी बोलतो." लगेच. जणू वाटच बघत होता.

मी भांडायच्या तयारीत होते. भांडण न होताच जिंकले. तरी रात्री झोप लागली नाही, त्याचाही राग आला.

१५ एप्रिल

केरूदादांचा फोन झाला. शुक्रवारी जायचं ठरलं. अमोलला सुट्टी नाही, सातपूरच्या कंपनीत ऑडिट आहे म्हणे, म्हणून द्वारकेवर येवल्याच्या गाडीत मी बसवून द्यायचं, तिकडे दादा उतरवून घेतील. अमोल दहादा बजावतोय, "हात धरून बसव. खिडकीपाशी बसव. कंडक्टरला सांग उतरताना लक्ष ठेव." मी म्हटलं, कडेवर घेऊन बसवते.

सासूबाई पिशवी भरतायत. एक एक लुगडं हातात घेऊन काठावरून बोटं फिरवतात, मग घडी घालतात. मला हाक मारून विचारलं, "ही मोरपंखी का जांभळी गं?" मी म्हटलं, "तुमचीच आहे, तुम्हालाच ठाऊक." आणि निघून आले. मोरपंखी होती.

कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलंय. सुमेधाताई रिकामी परडी घेऊन गेल्या.

१८ एप्रिल

आज लिहिलं नाही तर मी काय करीन सांगता येत नाही.

सकाळी रिक्षानं द्वारकेला गेलो. ऊन, धूळ, ट्रॅव्हल्सवाल्यांचे ओरडे, चारी बाजूंनी गाड्या. मी एका हातात त्यांची पिशवी, एका हातात पाण्याची बाटली घेऊन पुढे. येवल्याची गाडी पलीकडे लागलेली दिसली. म्हटलं, "चला, ती काय समोर." मागे वळून बघते तर सासूबाई भलतीकडेच चाललेल्या. सरळ, मान वर करून, रस्त्याच्या मधोमध. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मी पिशवी टाकली, धावले, दंडाला धरून ओढलं. दोघी दुभाजकाला आदळलो. टेम्पोवाला शिव्या देत होता, मी सासूबाईंवर ओरडले.

"समोरून टेम्पो आला, दिसत नाही का तुम्हाला?"

"नाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं उर्मटपणे म्हणाल्या. म्हटलं, "काय नाही?"

"दिसत नाय उज्वला. उजव्यानं तर कायच नाय. डाव्यानं धूर दिसतो निस्ता. तुझी हाक आली तिकडं निघाले मी, तर तू पलीकडं व्हती."

मी त्यांचा दंड सोडला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असेल. उजव्या डोळ्याच्या मधोमध पांढरं पडलेलं, दुधाच्या सायीसारखं. हे मला सहा महिने दिसलं नाही. मी त्यांना डोळे कशाला दिलेत विचारत होते.

"मग सांगितलं का नाही मला?"

"अमोलला सांगितलं व्हतं ना दिवाळीतच. त्यासाठीच आले मी इकडं. त्यो म्हने, उज्वलाला आत्ता सांगू नको, ती आधीच वैतागलेली असती. उन्हाळ्यात सुट्टी काढतो, मंग आप्रेशन करू. मी बी म्हनलं, कशाला तुझ्या डोक्याला ताप. चाचपडून चाचपडून घर पाठ झालंच व्हतं. तेवढ्या त्या सालांचा रंग काय हाताला कळंना."

कंडक्टर हाका मारत होता, मावशी येता का, गाडी सुटली. मी म्हटलं, नाही येत. पिशवी उचलली, रस्त्यावर पडून तिचा बंद तुटला होता. दुसरी रिक्षा करून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. अमोलला फोन केला नाही.

मला कोणाचा आधी राग यावा तेच कळेना. रिक्षात बसून मी नुसती दात आवळत होते. सासूबाई म्हणाल्या, "कोंबड्यांचं मात्र लय वाईट झालं. काळी ग्वाड व्हती." मला तेव्हा बोलायला हवं होतं.

१९ एप्रिल

काल चार तपासण्या झाल्या आणि डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं, ते काल लिहवलं नाही. मोतीबिंदू पार पिकला. उजव्या डोळ्यात त्यानं दाब वाढला, आतली नस गेली. डोकं ठणकायचं ते त्याचंच. तो डोळा आता परत येणार नाही. डाव्याचं ऑपरेशन केलं तर बऱ्यापैकी दिसेल, पण आधी थेंब टाकून दाब उतरवायचा.

मी विचारलं, "दिवाळीत आलो असतो तर?"

डॉक्टर म्हणाले, "दिवाळीत आला असतात तर साधा मोतीबिंदू होता. दोन्ही डोळे राहिले असते."

साधा! गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी केलेलं, सकाळी जाऊन दुपारी घरी यायचं ऑपरेशन.

काल संध्याकाळी अमोल कामावरून आला आणि आई घरात बसलेली बघून त्याचा चेहरा पडला. मी दारातच धरला. म्हटलं, उजवा डोळा गेला आईंचा. आता सांगा.

आधी म्हणाला सुट्टी मिळत नव्हती. मग म्हणाला मार्चएंड होता. मग म्हणाला, "तुला सांगायचं म्हणजे… तू कायम चिडलेली. तुला म्हटलं असतं आईचं ऑपरेशन करायचंय, तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हटलं, जरा निवांत झालं की सांगू."

"आणि कोंबड्या मेल्या तेव्हा? मी त्या बाईला नाही नाही ते बोलत होते, तुम्ही दारात उभे होतात."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू माझ्यावर…"

वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती. माझा राग आपल्यावर येऊ नये म्हणून त्यानं आईला पुढे उभं केलं. आणि मी पाठवा म्हटल्यावर त्याला येवला सोपं वाटलं. तिकडे दादा बघतील, दादांच्या डोळ्यांसमोर जाईल तो डोळा. बल्ब लावला, बोळ मोकळा केला, बाम चोळला. दवाखान्यात तेवढं नेलं नाही.

वरून सगळं माझ्यावर. उज्वला चिडते म्हणून. चिडते मी! चिडणारच! पण माझ्या रागाला घाबरून कोणाचा डोळा जातो का? मला कोणी विचारलं होतं? एकदा सांगून बघायचं होतं. ओरडले असते, भांडी आपटली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावली असती. मला माहीत आहे मी कशी आहे. त्याला तेवीस वर्षांत माहीत झालं नाही. का माहीत होतं आणि त्याला तेवढी भांडी आपटलेलीही नको होती?

माझ्या रागाच्या आडोशाला हा माणूस सहा महिने आरामात बसला होता.

२४ एप्रिल

पाच दिवस मी घरात आवाज केलेला नाही. ठरवून. अमोलशी बोलत नाही, आणि सासूबाईंशी बोलायला तोंड नाही. त्यांचं पाणी, जेवण, थेंब, सगळं मुकाट्यानं हातात देते. पाय न वाजवता चालते. भांडं आपटत नाही. सुमेधाताई विचारून गेल्या, बरं नाही का? गल्लीत शांतता वाटते म्हणे. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय. कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्यात. खरं तर चांगलं चाललंय असंच कोणी म्हणेल.

आज संध्याकाळी ओट्यापाशी चहा गाळत होते. सासूबाई आत आल्या आणि सरळ माझ्यावर आदळल्या. चहाचं पातेलं कलंडलं, त्यांच्या पायावर थोडा चहा सांडला. मी खाली बसून गार पाण्यानं पाय धुतला. तोंडातून शब्द काढला नाही. काल दारात तसंच झालं होतं, परवा मोरीपाशी. या घरात सहा महिने त्या कोणाला धडकल्या नव्हत्या, आणि आता दिवसाला एकदा.

त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तू वरडत का नाय गं?"

मी पायावर आणखी पाणी ओतलं.

"मला राग नाय आला तुझा. तू उगं मनाला लावून घेतलं. पन अशी गप नको राहू बाई. तू वरडती तव्हा मला कळतं, तू कुठं उभी हाये. वट्यापाशी का दारात का खुराड्यात. तुझ्या आवाजावर मी घरभर हिंडले इतके महिने. आता समदं घर निस्तं काळं झालंय."

मी तांब्या खाली ठेवला. विचारलं, "आणि अमोल?"

"त्यो गपच असतो," त्या म्हणाल्या. "त्याचा कवा पत्ताच लागत नाय."

बाहेरच्या खोलीत अमोल सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता. आमचं सगळं त्याला ऐकू गेलं असणार. तरी आवाज नाही. मी उठले, ओट्यापाशीच उभी राहिले आणि पोटातून, होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले.

"अहो! उठा तिथून! आईंच्या थेंबांची वेळ झालीय. मी नाही टाकणार, आजपासून तुम्ही टाकायचे, रोज, हात धुऊन! आणि गुरुवारी कंपनीत सुट्टी मिळाली नाही तर कंपनीच्या गेटवर येऊन विचारीन, सगळ्यांच्या देखत! ऐकू आलं का? तोंडानं हो म्हणा!"

समोरच्या घरात कोणीतरी खिडकी उघडली. मागे कोंबडा ओरडायला लागला.

"हो," अमोल म्हणाला.

"मोठ्यानं!"

"हो, हो, इथं आहे मी!"

सासूबाईंनी ओटा सोडला. माझ्या अंगाला जराही न लागता बाजूनं वळल्या आणि भिंतीला हात न लावता सरळ सोफ्यापर्यंत चालत गेल्या.